गप्प बसण्याची जागा

९ जानेवारी

चि. खटपटीस मामाचे आशीर्वाद.

आजवर या दोन हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. ज्यावर हे पत्र लिहितोय ते टेबल. त्यात एक खिळा नाही, सगळा खाचांचा जोड. तुझ्या आईच्या शिलाई मशीनची मोटर, तू पाळण्यात असताना गुंडाळलेली, अजून जळालेली नाही. तुझी तीनचाकी, जिचं पुढचं चाक तू गटारात घालवलंस. मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी कान तपासायची पेटी; ती विकत आणायची तर शाळेला दोन खोल्या विकाव्या लागल्या असत्या. दुकानाच्या दाराची घंटा, जी वाजत नाही, आत दिवा लावते, कामात असताना कानाशी किणकिण नको म्हणून. चाळिशी उलटल्यावर रद्दीतली पुस्तकं आणून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला शिकलो. कुणाची फी भरली नाही, कुणाच्या पाया पडलो नाही. कानाची यंत्रं जन्मभर दुरुस्त केली ती यात धरत नाही. ती दुसऱ्यांनी बनवलेली.

हा पाढा वाचायचं कारण म्हणजे तुझ्या पत्रातले शेवटचे दोन शब्द. "जमेल का?" तुझ्या संस्थेतल्या पदव्या लावलेल्या माणसाला तू हे विचारलं असतंस का? त्याला "कधी देता?" असं विचारलं असतंस. मलाही तेच विचारायचं.

आता काम. चार पानं लिहिलीस, त्यात "सहभागी गुणात्मक संशोधन" तीनदा आलं आणि तिन्ही वेळा मला काही कळलं नाही. नीट सांग. यंत्र कोण वापरणार, त्यांचे हात कसे, उजेड किती, पाणी जवळ आहे का, ऐकणार कोण. बाजारातलं काही का चालत नाही तेही सांग.

फोन करू नकोस. फोनवर अर्धं तू गिळतेस आणि उरलेलं तार गिळते. लिहून पाठव.

मामा

१६ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "याला विचारलं पाणी आहे का, तर हा विहीर कुणी खणली ते सांगणार." तर मामा, कधी देतोस?

नीट सांगते. मोठ्या रुग्णालयाचं धुलाईघर आहे, तळघरात. चादरी, गाऊन, शस्त्रक्रियेची फडकी, सगळं तिथे येतं. आठ बायका काम करतात. आजवर असं चालायचं की माझ्यासारखीने जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं टिपायची, आणि मग घरी पंख्याखाली बसून त्या बायकांना काय म्हणायचं होतं ते मीच ठरवायचं. यात तसं नाही. प्रश्न त्या ठरवणार. एकमेकींना विचारणार त्या, ऐकणार त्या, आणि यातून काय निघतं तेही त्याच सांगणार. मी हमाल. हे म्हणजे सहभागी. गुणात्मक म्हणजे त्यात आकडे नाहीत, माणसं बोलतात.

बाजारात आहेत असे प्रोग्राम. पण त्यांतला आवाज कुठेतरी लांब जाऊन साठतो आणि बाईने "माझं परत द्या" म्हटलं तर देणारं कुणी नसतं. शिवाय सगळे फोनच्या काचेवर चालतात. यांची बोटं दिवसभर पाण्यात. काच त्यांना ओळखतच नाही.

आणि हे घाईचं का आहे तेही सांगते. तिथे गरम रोलर आहे. ओली चादर एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने कोरडी, सपाट निघते. रोलरच्या तोंडाशी आडवी दांडी असते. हात आत जाऊ लागला की दांडी दाबली जाते आणि रोलर थांबतो. पण चादर गोळा झाली तरी ती दाबली जाते, काम अडतं, म्हणून तिथे ती दोरीने बांधून ठेवलेली होती. दिवाळखोर काटकसर. एका बाईचा हात मनगटापर्यंत भाजला. सगळ्या तिला घडीवाली म्हणतात, कारण तिच्या घडीचा कोपरा कोपऱ्यावर बसतो. आता चौकशी चाललीय. दांडी तिने आपल्या मनाने बांधली असं ठरलं तर उपचाराचा खर्च नाही आणि नोकरीही नाही. सुपरवायझरने बांधायला लावली असं ठरलं तर दोन्ही राहतं. आमचा अहवाल त्या चौकशी समितीपुढे जाणार आहे.

सुपरवायझरच्या कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा असतो, म्हणून त्याचं नाव जुडगा. तो यायच्या आधी तो ऐकू येतो आणि बायका विषय बदलतात. आणखी एक आहे, तिचं नाव रेडिओ. का ते सांगायला नको.

तुझी, खटपटी

११ फेब्रुवारी

चि. खटपटीस आशीर्वाद.

सोबत दोन डब्या आणि एक पडदा पाठवला आहे. डबी मुठीत मावते. वर चार बटणं, रबराची, आणि चारही वेगवेगळ्या आकारांची, म्हणजे न बघता बोटाला कळतात. गोल बोलायला. लांबट ऐकायला. तिकोनी ढिगात टाकायला; ते दाबलं की तो तुकडा पडद्यावर हव्या त्या ढिगात जातो. ढिगांना नावं बायकांनी द्यायची, तू नाही. चौथं चौकोनी, जरा खोल बसवलंय, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. ते "माझ्याकडेच". जिने बोलून ठेवलं तिने ते दाबलं की तो तुकडा सगळीकडून जातो. तुझ्याकडूनही. माझ्याकडे तर येतच नाही. डबी कुठल्याही तारेला, कुठल्याही हवेला जोडलेली नाही. शिवण पक्की आहे, बादलीत पडली तरी चालेल. मी पाडून बघितली.

आता खरी कारागिरी. धुलाईघरातली घरघर मी चाळून टाकली आहे. आणि कुणी बोलत नसेल तेव्हा डबी साठवतच नाही. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, मधलं रिकामं सगळं आपोआप गळतं. ऐकणाऱ्याचा वेळ अर्ध्यावर येतो. शांतता कुठे सुरू होते ते मी पुस्तकावरून ठरवलेलं नाही. डबी समोर ठेवून, दुकान बंद करून, स्वतःच्या कानाने ठरवलं. जे मला ऐकू आलं नाही ते तुझ्या बायकांच्याही कामाचं नाही.

परवा एक गृहस्थ वडिलांचं कानाचं यंत्र घेऊन आला होता. बूट असे की त्यात तोंड बघावं. थांबला तेवढ्यात डबी हातात घेऊन बसला. "शांतता आपोआप जाते? वा, काका, वा!" म्हणाला. त्याची लोकांची मतं गोळा करायची कंपनी आहे म्हणे. कार्ड ठेवून गेला. माझं टेबल डुगडुगत नाही, नाहीतर पायाखाली घातलं असतं.

पाठ फार दुखते. बारीक सोल्डरिंग आता डोळ्यांना झेपत नाही. हे ताईला सांगू नकोस.

मामा

४ मार्च

प्रिय मामा,

डबी चालली! रेडिओने पहिल्याच दिवशी ती भरून टाकली. तिसऱ्या दिवशी तिनेच चौकोनी बटण दाबून निम्मं परत घेतलं. "माझं मी बोलले, माझं मी गिळलं," म्हणाली. तुला हे आवडेल.

ढिगांची नावं मी करून नेली होती. कामाचा ताण, सुरक्षितता, वेतन, आत्मसन्मान. रेडिओ म्हणाली, "बाई, हे म्हणजे पांढरं-रंगीत न बघता कपड्यांच्या मापाने ढीग लावणं झालं. एकाचा रंग दुसऱ्याला लागेल." मग त्यांनी आपले ढीग लावले. "भिजत घालायचं", म्हणजे आत्ताच ठरवायचं नाही. "डाग राहिलाय", म्हणजे पुन्हा विचारायचं. "घडी करून वर", म्हणजे बाहेर द्यायला तयार. सहा वर्षं मी जे शिकले ते त्यांनी एका जेवणाच्या सुट्टीत उरकलं, असं मी आमच्या संस्थेतल्या साहेबांना म्हटलं. साहेब हसले नाहीत.

आणि एक नियमही त्यांनीच केला. कुठलाही तुकडा वर जायच्या आधी सगळ्यांनी मिळून ऐकायचा.

घडीवालीही बोलली. कपड्यांच्या खोलीत, रेडिओनेच तिला विचारलं. भाजलेल्या हाताने डबी धरवत नाही, म्हणून रेडिओने धरली.

अहवालाची तारीख अंगावर आलीय. डोळे चुरचुरतात. आई म्हणते, दोघं मामा-भाची एका माळेचे मणी, कुणी थांब म्हणाल्याशिवाय थांबत नाहीत.

खटपटी

१२ मार्च

चि. खटपटीस आशीर्वाद.

ढिगांचं वाचून बरं वाटलं. तिकोनी बटण मी काढून टाकणार होतो, बरं झालं नाही काढलं.

तो चकचकीत बूटवाला पुन्हा आला होता. या वेळी वडिलांचं यंत्र नव्हतं, कागद होते. त्याला म्हटलं, दिवा लागला म्हणून उठलो, नाहीतर काम सोडत नाही. तर म्हणाला, "काका, तुमचं सगळं कसं शांत असतं!" आणखी काय बोलला ते सांगण्यासारखं नाही.

वरच्या टाकीने दुकानाचं छत गळतं, तिथे बादली ठेवलीय. ती मी बनवलेली नाही.

अहवाल गेला का? तुकडे सगळ्यांनी ऐकले ना?

मामा

२९ मार्च

मामा,

अहवाल गेला. त्यातून जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

समितीने घडीवालीचा तुकडा ऐकला. रेडिओ विचारते, "दांडी बांध असं तुला कुणी सांगितलं होतं का?" आणि लगेच घडीवाली, "नाही." असं खणखणीत की समितीचे अध्यक्ष म्हणाले, इतकं स्वच्छ उत्तर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी लिहून टाकलं, कामगाराने स्वतःहून दांडी बांधली. पुढच्या महिन्याअखेर शेवटची बैठक, आणि मग तिला घरी बसायला सांगणार.

मी तो तुकडा घेऊन तळघरात गेले. सगळ्यांनी ऐकला. घडीवालीने लांबट बटण पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मग मला म्हणाली, "बाई, इथे मी गप्प बसले होते. माझं गप्प बसणं कुठे गेलं?"

रेडिओ म्हणाली, "किती वेळ गप्प होती! मला वाटलं रडतेय. मी मान वर केली तर दारात जुडगा उभा. हलत नव्हता, नुसता कमरेला हात लावून किल्ल्या खुळखुळवत होता. मग ही 'नाही' म्हणाली आणि तो गेला."

मी विचारलं, मग हा तुकडा "घडी करून वर"मध्ये का टाकलात? चौकोनी बटण का नाही दाबलं? घडीवाली म्हणाली, "त्याच्यासमोर दुसरं काय म्हणणार होते? पण वाटलं, ऐकणाऱ्याला कळेल. मी गप्प आहे आणि किल्ल्या वाजतायत, एवढ्यावरून कुणालाही कळेल."

मामा, डबीत ना ते गप्प बसणं आहे, ना किल्ल्या. प्रश्न आणि "नाही". तू म्हणालास तसं, मधलं रिकामं गळून गेलं.

खटपटी

४ एप्रिल

चि. खटपटीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

डबीने जे सांगितलं ते केलं. मी ११ फेब्रुवारीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की बोलणं नसेल तिथे ती साठवत नाही. तू ते वाचलंस, वाहवा केलीस. आता यंत्राला बोल लावून उपयोग नाही. शिंप्याने सांगितल्या मापाने सदरा शिवला आणि अंगात पोट वाढलं, तर दोष शिंप्याचा नाही.

शिवाय बायकांचा नियम होता की आधी सगळ्यांनी ऐकायचं. मी विचारलंही होतं. तुझ्या उत्तरात त्यावर एक अक्षर नव्हतं. नियम कुणी मोडला?

मामा

९ एप्रिल

मामा,

नियम मी मोडला. तारीख चुकली असती तर साहेबांनी अहवाल दुसऱ्याकडे दिला असता. मी एकटीने बसून तुकडे निवडले, पंख्याखाली. ज्यावर तुला पानभर लेक्चर दिलं होतं, नेमकं तेच केलं. बायकांना हे सांगितलं. रेडिओ पहिल्यांदाच काही बोलली नाही.

पण एक गोष्ट मला समजेना. गप्प बसणं गळालं, ते समजलं. किल्ल्या का गळाल्या? म्हणून मी दुसरी डबी चालू केली आणि आईच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्यापुढे खुळखुळवल्या. काही साठलं नाही. डबीच्या मते तिथे कुणी काहीच केलं नव्हतं.

तू लिहिलं होतंस, शांतता स्वतःच्या कानाने ठरवली.

मामा, तू फोन का घेत नाहीस? आणि दुकानाच्या दाराला घंटा का नाही? घंटा तर दुकानदाराला कळावं म्हणून असते. आई स्वयंपाकघरातून ऐकतेय. ती म्हणते, तिला हे दोन वर्षांपासून माहीत आहे.

खटपटी

२ मे

चि. खटपटीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. महिनाभर दुकान उघडं होतं, पण मी त्यात नव्हतो म्हण.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मूकबधिर शाळेत गेलो. मी बनवलेली पेटी तिथे अजून चालते. बाईंना म्हटलं, पेटी तपासायला आलोय. मग स्वतःच तिच्यापुढे बसलो. खालचे सूर, मधले सूर, सगळे आले. वरच्या सुरांना मी हात वर करायची वाट बघत बसलो आणि बाई माझ्याकडे बघत बसल्या. शेवटी त्यांनी हळूच पेटी बंद केली. पेटीत काही बिघाड नव्हता. पेटी मी बनवलेली आहे.

जन्मभर हजारो कानांत शिट्ट्या वाजवून बघितल्या, त्या माझ्याही कानात वाजत होत्या, कान झिजवत होत्या. पाखरांचा आवाज कधी गेला आठवत नाही. मला वाटलं पाखरं गेली. किल्ल्यांचंही तसंच. माझ्या खिशात रोज किल्ल्या असतात, त्या वाजतात हे मी विसरलोच होतो. जे मला ऐकू येत नाही त्याला मी शांतता म्हटलं, आणि शांतता म्हणजे रद्दी असं समजून कापून टाकलं. शिंप्याचा दाखला मागे घेतो. माप चुकीचं मीच घेतलं.

कुणी विचारेल म्हणून सांगतो, जे गेलं ते परत आणता येत नाही. मी ते साठवूच दिलं नव्हतं. तुझ्याकडून मागवलेल्या दोन्ही डब्या उघडून, कार्डं खरवडून बघितली. नाही.

नवा प्रोग्राम सोबत आहे. आता डबी काहीच कापत नाही. घरघरसुद्धा नाही. जिथे कुणी बोलत नाही तिथे पडद्यावर कोरी पट्टी दिसते, आणि जेवढं गप्प तेवढी ती लांब. ती पट्टी लहान करायचं बटण ठेवलेलं नाही. तू मागितलंस तरी देणार नाही. जिचं गप्प बसणं आहे तिलाच ती घेता येईल, चौकोनी बटणाने. हे ठरवताना मी माझ्या कानावर विसंबलो नाही. शाळेतल्या बाईंना समोर बसवलं आणि आवाज ऐकू आला म्हणून त्या "हं" म्हणाल्या तिथे "हं" लिहिलं.

घडीवालीला सांग, नव्या डबीत तिने पुन्हा बोलावं.

मामा

७ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र आईने माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग म्हणाली, "लिहिलं तरी. लहानपणी पडला तर गुडघा लपवून घरी यायचा."

घडीवालीला तुझा निरोप दिला. ती म्हणाली, "गप्प पुन्हा कशी बसू बाई? ते त्या वेळचं होतं. आता बसले तर नाटक होईल." आणि नव्याने बोलली तरी समिती म्हणणार, कुणीतरी पढवून आणलं. बैठक लांबली होती, आता वीस तारखेला आहे. बायकांना बरोबर डबी आणायची परवानगी आहे, एवढंच.

काल त्या सगळ्या नव्या पडद्यापुढे बसल्या होत्या. रेडिओने कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. म्हणाली, "हा वेगळा ढीग लागेल." काय करायचं ते त्या ठरवतायत, मला सांगत नाहीत. मी बाहेर बसते. बरोबरच आहे.

तू येशील का बैठकीला?

खटपटी

१२ मे

चि. खटपटीस,

येत नाही. तिथे जे ऐकायचं असेल ते मला ऐकू येणार नाही. डबी पाठवलीय, ती माझ्यापेक्षा बरी.

लिहून कळव. सगळं.

मामा

२१ मे

प्रिय मामा,

सगळं म्हणालास म्हणून सगळं लिहिते.

लांब टेबल, पलीकडे समितीचे तिघं. अलीकडे आठ बायका, धुतलेल्या साड्यांत, कामावरून तशाच आल्या असं वाटू नये म्हणून बदलून आलेल्या. जुडगा दाराशी उभा. त्याला साक्षीला बोलावलं होतं, खुर्ची दिली होती, पण तो बसला नाही. बायका समोर असताना तो बसत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "तुमचा तुकडा आम्ही ऐकलेला आहे. नवीन काही असेल तर बोला."

रेडिओ उठली. मला वाटलं, आता अर्धा तास गेला. ती म्हणाली, "साहेब, तो तुकडा पुन्हा वाजवते. फक्त त्यात एक जागा सांडलीय, ती आम्ही भरून देतो." तिने लांबट बटण दाबलं. तिचा आवाज आला, "दांडी बांध असं तुला कुणी सांगितलं होतं का?" आणि तिथे तिने डबी थांबवली. आणि बसली.

मामा, त्या आठही जणी गप्प बसल्या. हात मांडीवर. घडीवालीचा पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातावर. कुणी कुणाकडे बघेना. अध्यक्षांनी आधी पेन फिरवलं, मग ठेवलं. "हे काय चाललंय?" म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही. दुसरे साहेब खाकरले. पंखा बंद होता.

आणि मग दाराशी वाजलं. खुळ, खुळ, खुळ. जुडग्याने कमरेला हात लावला होता. त्याला ते कळलंही नव्हतं. गप्प बसलेल्या बायका दिसल्या की त्याचा हात तिथे आपोआप जात असावा.

तिघांच्याही माना दाराकडे वळल्या. घडीवाली म्हणाली, "हेच. त्या दिवशी हेच वाजत होतं." मग रेडिओने बटण दाबलं. डबीतून आलं, "नाही."

अध्यक्षांनी जुडग्याला बसायला सांगितलं आणि किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. मग त्याला विचारायला लागले, आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

निकाल आज आला. घडीवालीची नोकरी राहिली. उपचाराचा खर्च "विचाराधीन". दांडी उघडी करायचा हुकूम निघाला, आणि आज सकाळपासून रोलर तेवीसदा अडला, असं रेडिओ सांगत होती. सगळ्या फार दमलेल्या दिसल्या. मीही. जिंकल्यासारखं काही वाटत नाही, ओझं खाली ठेवल्यासारखं वाटतंय, आणि खांदे अजून तसेच आखडलेले.

पडद्यावर चौथा ढीग लागलाय. त्याचं नाव त्यांनी ठेवलेलं नाही. नुसती कोरी पट्टी.

आणि मामा, हे खरं का? आईला तुझ्या शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितलं की तो बूटवाला पुन्हा आला होता, कागदावर सही घ्यायला, आणि तू त्याला बाहेर काढलंस. तू मला काहीच लिहिलं नाहीस. किती देत होता? दुकान बंद करून तुला बसून खाता आलं असतं का?

खटपटी

३० मे

चि. खटपटीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना "खुळ, खुळ, खुळ" इथे थांबलो. आवाज आठवायचा प्रयत्न केला. आठवला.

एक सांगतो, ताईलाही सांग. कानाला यंत्र लावलंय. स्वतः बनवलेलं नाही. विकत आणलं, रांगेत उभा राहून, माझ्याहून निम्म्या वयाच्या पोराने ते माझ्या कानात बसवलं आणि वर मला सांगितलं की हळूहळू सवय होईल, काका. दाराला घंटा लावली. ती जरा कर्कश वाजते. पाखरं गेलेली नव्हती. पहाटेपासून नुसता कालवा करतात, झोपू देत नाहीत. आता फोन केलास तरी चालेल, पण हळू बोल.

छत अजून गळतं. बादली आता वाजते.

बूटवाल्याचं विचारलंस. तो तीनदा आला. त्याला नवी डबी नको होती, पहिलीच हवी होती. शांतता कापणारी. हजारो लोकांना प्रश्न विचारायचे, मधलं सगळं गाळायचं, आणि प्रश्न आणि उत्तर तेवढं गिऱ्हाइकाला विकायचं. चौकोनी बटण काढून टाकायचं, म्हणाला, "लोकांना कशाला त्यांचं परत द्यायचं?" मी त्याला घडीवालीची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं, तेवढं मला कळतं. तो हसला आणि म्हणाला, "पण उत्तर तर 'नाही'च होतं ना, काका?"

त्याच वेळी दाराची घंटा वाजली. दुसरं गिऱ्हाईक होतं. मी त्याला म्हटलं, तुम्हीही आता उठा.

ताई मला वेडा म्हणेल. म्हणू दे. पाठ दुखते, डोळे गेलेत, कान विकतचे आहेत, आणि दुकान बंद करायची माझीही इच्छा आहे, हे तुला पहिल्यांदाच लिहितोय. पण हिशेब लपवणाऱ्यांतला मी नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो. पहिल्या डबीचा प्रोग्राम, नकाशे आणि माझी सही, या तिन्हींचे मिळून तो देत होता अठरा लाख. मी नको म्हणालो.

अक्षरी अठरा लाख मात्र.

मामा